जुनी एक्स५ घेऊ का? थरथर, खडखड आणि तेलाची बिलं

तुम्ही लिहिलंय ते आधी थोडक्यात परत मांडतो. २०१४ची बीएमडब्ल्यू एक्स५, तीन लिटर डिझेल, मीटरवर ९६,००० किलोमीटर. पहिली नोंदणी दिल्लीची, आता एमएच पासिंग. मागणी एकोणीस लाखांची. चालवून पाहिली तेव्हा तीन गोष्टी खटकल्या. पन्नास-साठच्या वेगात हलका पाय ठेवला की गाडी थरथरते. पार्किंगमध्ये स्टिअरिंग पूर्ण कापलं की चाकं अडखळल्यासारखी धक्के देतात. आणि सकाळी पहिल्या स्टार्टला दोन-तीन सेकंद खडखड ऐकू येते. एजंटचं म्हणणं, "मोठ्या गाडीत एवढं असतंच, आणि गिअरबॉक्सचं ऑइल तर लाइफटाइम असतं." शनिवारी टोकन द्यायचं ठरलंय. शेवटी तुम्ही हेही विचारलंय की त्याच पैशात लँड रोव्हरची डिस्कव्हरी, ऑडीची क्यू७ किंवा मर्सिडीजची एमएल घेतली तर डोक्याला ताप कमी होईल का.

शनिवारी टोकन देऊ नका. नीट तपासलीत तर कदाचित हीच गाडी योग्य पैशात तुमच्याकडे येईल, पण आज नाही. तुमच्या तीन लक्षणांपैकी एक बहुधा टायरचं आहे, एक तेलाचं. सकाळची खडखड मात्र मला खरोखर भीतीची वाटते. बावीस वर्षं गॅरेज चालवतोय, त्यातली चौदा फक्त चारही चाकांना ताकद जाणाऱ्या मोठ्या गाड्यांवर गेली. "कालपर्यंत मस्त चालत होती हो" असं गिऱ्हाईक सांगतं, आणि खोलल्यावर आतून दोन-तीन वर्षांचं दुखणं निघतं. बहुतेक वेळा ते तेलापाशी येऊन थांबतं. म्हणून जुनी मोठी गाडी घेणाऱ्याला मी रंग, सनरूफ, सीटचं लेदर यांच्या आधी तेलाची बिलं मागायला लावतो.

पार्किंगमधल्या धक्क्यांपासून सुरू करू, कारण त्यांचं कारण सगळ्यात सोपं आणि सगळ्यात जास्त दुर्लक्षित आहे.

या गाडीत इंजिनाची ताकद आठ गिअरच्या ऑटोमॅटिक गिअरबॉक्समधून येते आणि त्याच्या पाठीला बसवलेल्या ट्रान्सफर केसमध्ये शिरते. तिथून मागच्या चाकांकडे सरळ शाफ्ट जातो. पुढच्या चाकांना किती ताकद द्यायची ते आतल्या क्लच प्लेट्स ठरवतात. एक छोटी मोटर त्या प्लेट्स सतत कमी-जास्त दाबत असते. गाडी वळते तेव्हा पुढची चाकं मागच्यांपेक्षा मोठं वर्तुळ कापतात, म्हणून त्या क्षणी प्लेट्सनी सैल सुटायला हवं. त्या सुटल्या नाहीत तर पुढचा आणि मागचा शाफ्ट एकमेकांना ओढत राहतात, आणि सगळा ताण शेवटी टायर रस्त्यावर घासून, उडी मारून मोकळा करतो. तुम्हाला जाणवला तो धक्का हा असावा.

प्लेट्स सुटत नाहीत याची कारणं तीन असतात. आतलं तेल जळून चिकट झालेलं असतं, मोटरची गिअर-चकती झिजलेली असते, किंवा टायर वेगवेगळे असतात. यातलं तिसरं आधी बघायचं, कारण त्याला खर्च नाही आणि बाकीची दोन पुष्कळदा त्यातूनच जन्माला येतात.

हिशेब करून दाखवतो. या मॉडेलचा साधा टायर २५५/५० आर १९. नव्या टायरचा व्यास साधारण ७३८ मिलिमीटर भरतो. समजा मालकाने मागचे दोन नवे टाकले आणि पुढचे झिजलेले तसेच ठेवले, खाचांच्या खोलीत फरक ४ मिलिमीटरचा. म्हणजे व्यासात ८. झिजलेलं चाक त्यामुळे दर किलोमीटरला जवळपास पाच फेरे जास्त मारतं. पुण्याहून कोल्हापूरला गेलात, २३० किलोमीटर, तर अकराशे फेऱ्यांचा फरक. हा फरक कुठेतरी जिरायला हवा, आणि तो त्या प्लेट्समध्ये घासून जिरतो. आत तेल जेमतेम लिटरभर. ते तापतं, काळं पडतं, प्लेट्सवर त्याचा थर बसतो. पुढच्या वेळी वळताना त्या सुटत नाहीत.

दोन वर्षांपूर्वी एक जर्मन गाडी माझ्याकडे आली, नेमकी हीच तक्रार घेऊन. आधीच्या ठिकाणी ट्रान्सफर केसची मोटर बदलली होती, चार महिन्यांत पुन्हा तेच. आमच्या मुलाने लिफ्टवर घ्यायच्या आधी चारही टायर मोजले. पुढचे ३ मिलिमीटर, मागचे साडेसात, आणि कंपन्याही वेगळ्या. मालक भला माणूस, त्याला वाटलं होतं दोन टायर वाचवले. आम्ही चारही एकसारखे टायर टाकले, ट्रान्सफर केसचं तेल बदललं, कंट्रोल युनिटमधली जुनी नोंद पुसून नव्याने शिकवली. धक्के गेले. मोटर बदलायची गरजच नव्हती. सगळ्यांचं असं सुखाने संपत नाही. काही गाड्यांत प्लेट्स इतक्या जळलेल्या असतात की नवं तेल टाकून काही उपयोग होत नाही.

तेव्हा गाडी बघायला जाल तेव्हा खिशात टायरची खाच मोजायचं मापक ठेवा, दोन-तीनशे रुपयांत मिळतं. चारही टायरच्या तीन-तीन ठिकाणी मोजा. बाजूवर चार आकडी उत्पादन तारीख असते. २३१९ म्हणजे २०१९चा तेविसावा आठवडा. चारही तारखा जवळपास असाव्यात, कंपनी आणि नमुना एकच असावा. बीएमडब्ल्यूसाठी मंजूर टायरवर एक छोटी चांदणी कोरलेली असते. ती नसली म्हणून आकाश कोसळत नाही, पण चारांपैकी दोघांवर आहे आणि दोघांवर नाही, असं दिसलं तर टायर कसे बदलले गेलेत ते तुम्हाला कळलं.

टायर सारखे निघाले तरी धक्के येत असतील तर पुढची चाचणी जाणत्या माणसाकडून करून घ्या. ट्रान्सफर केसच्या मोटरचा कनेक्टर थोडा वेळ काढायचा. डॅशबोर्डवर इशारे पेटतील, गाडी फक्त मागच्या चाकांवर चालेल. मोकळ्या जागेत, सावकाश, एकच फेरी. धक्के गायब झाले तर दोष ट्रान्सफर केसमध्ये आहे. तसेच राहिले तर बाहेरच्या जॉइंटमध्ये, शाफ्टमध्ये किंवा सस्पेन्शनमध्ये शोधायचं. गाडी लिफ्टवर असेलच तर पुढच्या शाफ्टच्या टोकाला हात लावून हलवून बघायला सांगा. त्या टोकाचे दाते कोरडे पडून गंजतात आणि घासून गुळगुळीत होतात. मग एक दिवस पुढची चाकं ओढायचीच थांबतात. गाडी चालते म्हणून मालकाला पत्ताही लागत नाही. घाटात पावसात पहिल्यांदा कळतं.

आता पन्नास-साठची थरथर. सरळ रस्त्यावर, एका वेगाला, हलक्या पायाने चालताना गाडी रम्बलर पट्ट्यांवरून गेल्यासारखी सेकंदभर थरथरली, आणि पाय थोडा दाबला किंवा पूर्ण सोडला की थांबली, तर माझा पहिला संशय टॉर्क कन्व्हर्टरच्या लॉक-अप क्लचवर जातो. तो गिअरबॉक्सच्या तोंडाशी बसतो. ठरावीक वेगाला इंजिन आणि गिअरबॉक्स सरळ जोडून टाकणं हे त्याचं काम. तेल म्हातारं झालं की तो पकडतो-सुटतो, पकडतो-सुटतो. ही थरथर वळणावर अवलंबून नसते. ट्रान्सफर केसची थरथर वळताना किंवा उभी गाडी हळू उचलताना येते. चाकाच्या बॅलन्सची थरथर वेग वाढेल तशी वाढते आणि पाय सोडला तरी राहते. पुढच्या फेरीत या तिन्हींत फरक करून बघा. आधी काय शोधायचं ते माहीत असलं की ते सापडतं.

लाइफटाइम ऑइलबद्दल एजंट काय म्हणाला ते सोडा. हा गिअरबॉक्स बीएमडब्ल्यू स्वतः बनवत नाही, झेडएफ ही जर्मन कंपनी बनवते. झेडएफचं म्हणणं स्पष्ट आहे: ८०,००० ते १,२०,००० किलोमीटरच्या दरम्यान किंवा जास्तीत जास्त आठ वर्षांनी तेल बदला. तुमची गाडी किलोमीटरने त्या पट्ट्यात आहे आणि वयाने त्याच्या कधीच पलीकडे गेली आहे. लाइफटाइम या शब्दात कोणाचं आयुष्य मोजलंय, हा प्रश्न पहिल्या मालकाला पडत नाही, कारण तो पाचव्या-सहाव्या वर्षी गाडी विकून मोकळा होतो. दुसऱ्या मालकाने तो विचारायलाच हवा.

बिलांमध्ये गिअरबॉक्सचं तेल बदलल्याची नोंद शोधा. काम नीट झालंय का तेही बिलावरूनच कळतं. या गिअरबॉक्सचा खालचा चेंबर प्लॅस्टिकचा असतो आणि फिल्टर त्यातच बसवलेला. म्हणजे नीट काम केलं असेल तर बिलात नवा चेंबर असणारच. नुसतं "एटीएफ", म्हणजे गिअरबॉक्सचं तेल, आणि दोन-तीन लिटर एवढंच लिहिलेलं असेल तर कोणीतरी थोडं तेल काढून थोडं वरून भरलंय. तेलाची पातळी इंजिन चालू ठेवून, तेल ठरावीक तापमानाला असतानाच बघायची असते. थंड गाडीत डोळ्यांनी अंदाज घेऊन भरलेलं तेल कमी पडतं, आणि कमी तेलावर हा गिअरबॉक्स फार दिवस काढत नाही.

एक गोष्ट इथे प्रामाणिकपणे सांगायला हवी, कारण यावरून गिऱ्हाइकांची फसगत होते. थरथर नुकती सुरू झाली असेल तर तेल आणि चेंबर बदलल्यावर ती बरीच वेळा जाते. गिअर आधीच घसरत असतील, म्हणजे आरपीएम वर जातोय आणि गाडी पुढे सरकत नाही, किंवा रिव्हर्स टाकल्यावर दोन सेकंदांनी दणका बसतोय, तर नवं तेल झिजलेल्या प्लेट्सना पुन्हा जाडी देऊ शकत नाही. मशीन लावून आतून धुऊन काढण्याचा आग्रह कोणी धरला तर वर्षानुवर्षं तेल न बदललेल्या गिअरबॉक्सवर मी तो मान्य करत नाही. आतली घाण सुटून व्हॉल्व्ह बॉडीच्या, म्हणजे तेलाचा दाब गिअरांकडे वळवणाऱ्या भागाच्या, बारीक वाटांत अडकते. सावकाश, दोन टप्प्यांत, हजार-दोन हजार किलोमीटरच्या अंतराने बदललेलं मला बरं वाटतं.

आता खडखड.

या सहा सिलेंडरच्या इंजिनाची टायमिंग चेन पुढे, बेल्टच्या बाजूला नाही. ती मागे आहे, गिअरबॉक्सच्या बाजूला, म्हणजे इंजिन आणि केबिनच्या मधल्या भिंतीपाशी. त्याच घराण्यातल्या दोन लिटरच्या चार सिलेंडर इंजिनाची चेन बदनाम आहे, तिचे टेन्शनर (चेन ताणून धरणारे) आणि गाइड जगभर फेल गेले. सहा सिलेंडरवालं इंजिन त्या मानाने पुष्कळ दणकट, पण जागा तीच. चेनला हात घालायचा तर गिअरबॉक्स उतरवायला लागतो, बहुतेक गॅरेज इंजिनच बाहेर काढतात. पार्टचा खर्च एक आणि मजुरी त्याच्या दुप्पट, असं हे काम. आणि चेन सुटली किंवा दात्यांवरून उडी मारून गेली तर व्हॉल्व्ह पिस्टनला भिडतात. मग नुसतं चेनचं काम राहत नाही, इंजिनच नव्याने बांधायला किंवा बदलायला लागतं.

पण सकाळची प्रत्येक खडखड चेनची नसते. रात्रभर उभ्या गाडीत तेल खाली उतरतं, टेन्शनरला दाब मिळायला क्षणभर लागतो. अर्ध्या-एक सेकंदाचा आवाज मी सोडून देतो. दोन-तीन सेकंद टिकणारा, आणि गरम झाल्यावरही आरपीएम हळूहळू उतरताना परत डोकावणारा आवाज सोडत नाही. आवाज कुठून येतो तेही बघा. पुढून, बेल्टच्या बाजूने येत असेल तर क्रँकच्या पुलीतलं रबर सुटलेलं असू शकतं, आणि ते काम मोजक्या पैशांचं आहे. मागून, केबिनच्या भिंतीपाशी येत असेल तर चेन. मेकॅनिकचा स्टेथोस्कोप लावून दोन मिनिटांत कळतं. स्कॅनरवर क्रँक आणि कॅमच्या सेन्सरमधला फरकही वाचता येतो. तो कंपनीच्या मर्यादेच्या काठावर असेल तर मी ती गाडी घ्यायला सांगणार नाही, कितीही स्वस्त असली तरी.

यासाठी गाडी थंड मिळायला हवी. विकणारे ही एक गोष्ट हमखास टाळतात: तुम्ही पोचायच्या आधी गाडी दहा मिनिटं चालवून ठेवतात. पोचल्यावर पहिलं काम, बोनेटवर हात ठेवा. कोमट लागलं तर चहा घ्या, गप्पा मारा आणि दुसऱ्या दिवशी सकाळी यायचं ठरवून निघा.

चेन, टर्बो, बेअरिंग, सगळं शेवटी इंजिन ऑइलवर जगतं, आणि आपल्याकडे इथेच मोठा घोळ झालेला आहे. ही गाडी कधी ऑइल बदलायचं ते स्वतः मोजते, आणि तो आकडा पुष्कळदा वीस-पंचवीस हजार किलोमीटर किंवा दोन वर्षांपर्यंत जातो. युरोपात डिझेलमध्ये गंधक १० पीपीएम, म्हणजे दहा लाख भागांत दहा, असताना ठरलेला हा विचार. आपल्याकडे २०१४ साली मोठ्या शहरांत बीएस४ डिझेल मिळायचं, त्यात ५० पीपीएम. शहराबाहेर पुष्कळ ठिकाणी बीएस३, त्यात ३५०. एप्रिल २०१७ला देशभर बीएस४ आलं आणि एप्रिल २०२०ला बीएस६, तेव्हा कुठे आपण १०वर पोचलो. गंधक जळून आम्ल बनतं, ऑइलमधली आम्ल मारणारी द्रव्यं त्यात खर्च होतात, आणि मग बेअरिंगच्या मऊ थराला कोण वाचवणार? या गाडीची पहिली तीन-चार वर्षं त्या डिझेलवर गेली आहेत. त्या काळातली ऑइलची बिलं दहा हजारांच्या अंतराने असतील तर मालकाला मनापासून धन्यवाद द्या. पंचवीस हजारांच्या अंतराने असतील तर किमतीत ते दिसलं पाहिजे.

दिल्लीचा मुद्दाही इथेच येतो. दहा वर्षांपेक्षा जुन्या डिझेल गाड्या दिल्ली-एनसीआरमध्ये चालवायला एनजीटीने, म्हणजे राष्ट्रीय हरित लवादाने, २०१५मध्ये मनाई केली, २०१८मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही तेच सांगितलं. तेव्हापासून सात-आठ-नऊ वर्षांच्या मोठ्या डिझेल गाड्या तिकडून एनओसी घेऊन आपल्याकडे उतरत आल्या आहेत. त्यात खोटं काही नाही, अनेक गाड्या चांगल्या असतात. पण दिल्लीतल्या अशा गाडीचं आयुष्य पुष्कळदा ड्रायव्हरच्या हातात, सिग्नलला, एसी लावून उभं राहण्यात गेलेलं असतं. किलोमीटर ते सांगत नाही. ९६,००० किलोमीटर सरासरी ताशी वीसच्या वेगाने झाले असतील तर इंजिन ४,८०० तास चाललंय. हायवेवर पन्नासच्या सरासरीने झाले असतील तर १,९२० तास. मीटरचा आकडा एकच, झीज अडीच पट. ज्या गाडीला डीपीएफ, म्हणजे धुरातली काजळी अडवणारा फिल्टर, आहे तिचा शहरात आणखी एक त्रास असतो. काजळी जाळायची प्रक्रिया अर्धवट तुटत राहते, त्यासाठी फवारलेलं जादा डिझेल सिलेंडरच्या भिंतींवरून खाली चेंबरमध्ये उतरतं आणि ऑइल पातळ होतं. ऑइलची पातळी वाढलेली दिसली तर आनंद मानू नका, वास घ्या. डिझेलचा वास आला तर बेअरिंग पाण्यासारख्या तेलावर फिरलीत.

यासाठी मी एक काम आवर्जून करतो. ऑइलचा शंभर मिलिलिटर नमुना प्रयोगशाळेत पाठवतो. ट्रकवाले, जनरेटरवाले हे वर्षानुवर्षं करतात. अहवालात लोखंड, तांबं, शिसं, ॲल्युमिनियम किती, डिझेल किती मिसळलंय, कूलंट उतरलंय का, सगळं येतं. शिसं आणि तांबं एकत्र वाढलेलं दिसलं की बेअरिंगची शंका घ्यायची. सोबत ऑइल फिल्टर कापून त्याची घडी उलगडून उन्हात धरा. चमक दिसली तर व्यवहार थांबवा. मालक नमुना द्यायला तयार नसेल तर तेही एक उत्तर आहे.

रिकॉलचं एक काम राहून गेलेलं नाही ना, तेवढं चेसिस नंबर देऊन अधिकृत सर्व्हिस सेंटरला विचारा. धुराचा काही भाग परत इंजिनात जाण्याआधी थंड करणारा ईजीआर कूलर गळला की आतलं कूलंट काजळीत मिसळतं आणि तो थर पेट घेऊ शकतो. दक्षिण कोरियात गाड्यांना आगी लागल्यावर २०१८मध्ये बीएमडब्ल्यूने जगभरातल्या सोळा लाख डिझेल गाड्यांपर्यंत हा रिकॉल नेला. कूलंट सारखं कमी होतंय आणि खाली थेंब दिसत नाही, असं असेल तर हा कूलर आधी बघायचा.

आता पाणी. आपल्याकडे याबद्दल बोलायलाच हवं. २६ जुलै २००५ची मुंबई, ऑगस्ट २०१९चं सांगली-कोल्हापूर, जुलै २०२१चं चिपळूण. प्रत्येक पुरानंतर विम्यातून निकाली निघालेल्या गाड्या लिलावात जातात आणि धुऊन-पुसून परत बाजारात येतात. चालत्या इंजिनात हवेच्या वाटेने पाणी गेलं तर पिस्टन ते दाबू शकत नाही, कारण पाणी दबत नाही. वाकतो तो कनेक्टिंग रॉड. सगळ्यात वाईट म्हणजे किंचित वाकलेल्या रॉडवर इंजिन पुन्हा सुरू होतं, महिनोन्‌महिने चालतं, आणि एक दिवस हायवेवर रॉड तुटून ब्लॉक फोडून बाहेर येतो. एका गिऱ्हाइकाने अशी गाडी घेतली होती, घरच्यांना पहिल्यांदाच लांब घेऊन निघाला होता. कोणाला लागलं नाही एवढंच समाधान. ब्लॉकला मुठीएवढं भोक होतं. एअर फिल्टरच्या पुढच्या पाइपात बोट फिरवलं तेव्हा नखात वाळलेला गाळ आला. घेताना कोणी तो पाइप उघडला असता, पाच मिनिटांचं काम, तर हे टळलं असतं. तुम्ही उघडायला लावा. सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढून त्यावर पाण्याची रेष बघा, सीटखालचे बोल्ट गंजलेत का बघा, डिकीचा गालिचा उचलून खालच्या वायरिंगला हात लावा. सगळ्या सिलेंडरचं कॉम्प्रेशन मोजलं आणि एकच बाकीच्यांपेक्षा स्पष्ट कमी निघालं, तर पुढे जाऊ नका.

दुसऱ्या गाड्यांबद्दल थोडक्यात. डिस्कव्हरी ४चं तीन लिटर व्ही६ डिझेल चालवायला फार सुंदर आहे, पण त्या घराण्याच्या इंजिनांत बेअरिंग फिरणं आणि क्रँक तुटणं ही सर्वज्ञात गोष्ट आहे, आणि इशारा फार कमी मिळतो. मोठ्या कामासाठी बॉडी चॅसिसवरून उचलायची वेळ येते. ऑइलच्या अखंड बिलांशिवाय मी ती घ्यायला सांगत नाही. क्यू७च्या तीन लिटर डिझेलची चेनही मागेच आहे, तेव्हा तो प्रश्न सुटत नाही. नंतरच्या क्यू७मध्ये बॉशचा सीपी४ डिझेल पंप येतो. पाणी मिसळलेल्या डिझेलने तो आतून खरवडला की लोखंडाचा भुगा थेट इंजेक्टरपर्यंत जातो आणि पंप, रेल, इंजेक्टर, पाइप सगळं एकदम बदलायला लागतं. एमएल ३५० सीडीआयच्या इंजिनात ऑइल कूलरचे सील टर्बोच्या खाली, दोन सिलेंडर-ओळींच्या दरीत बसतात. सील गळतात, आणि सील शंभर-दोनशे रुपयांचे असले तरी तिथे पोचायला वरचं सगळं उतरवायला लागतं. तरीही, यांतलं कोणतं दुखणं जिवाला कमी घोर लावतं असं विचारलंत तर मी एमएलचं म्हणेन. तेल गळतं ते डोळ्यांना दिसतं, आणि एकदा नीट सील टाकले की काम टिकतं.

पैशांचं असं बघा. ही एक्स५ २०१४मध्ये सत्तर लाखांच्या आसपास शोरूम किमतीला आली होती. आज तिची मागणी एकोणीस आहे, पण पार्टच्या किमती अजूनही सत्तर लाखांच्या गाडीच्याच आहेत. त्या घसरत नाहीत. म्हणून गाडी घ्यायला जेवढे पैसे आहेत ते सगळे गाडीत घालू नका. तुमच्याकडे एकूण एकोणीस असतील तर पंधराची गाडी बघा आणि चार बाजूला ठेवा. पहिल्याच महिन्यात चार टायर, गिअरबॉक्सचं तेल आणि चेंबर, ट्रान्सफर केसचं तेल, पुढच्या-मागच्या डिफरन्शिअलचं तेल, इंजिन ऑइल, सगळे फिल्टर आणि कूलंट एवढं करायचं. बिलं कितीही चांगली असली तरी करायचं. तिथून पुढचा इतिहास तुमच्या हातातला.

आणि एक, हे मी प्रत्येकाला सांगतो. लाल ऑइलचा दिवा लागला की गाडी आहे तिथे बाजूला घेऊन बंद करायची. "घर दोन किलोमीटरवर होतं" असं सांगणारी माणसं मी पुष्कळ पाहिली आहेत, आणि त्यांच्या गाड्यांची इंजिनं खोललेलीही. टोइंगचे पाच हजार वाचवायच्या नादात पाच लाख जातात.

तर शनिवारचं असं करा. मालकाला शुक्रवारी सांगा की गाडी रात्रभर बंद ठेवा, सकाळी सातला येतो. बोनेट थंड आहे बघून पहिला स्टार्ट मोबाइलवर रेकॉर्ड करा, फोन इंजिनाच्या मागच्या बाजूला, भिंतीपाशी धरून. चारही टायर मोजून कागदावर लिहा. मोकळ्या जागेत दोन्ही बाजूंना पूर्ण स्टिअरिंग कापून आठचा आकडा काढा. मग सरळ रस्त्यावर पन्नास-साठला, हलक्या पायाने, दोन-तीन किलोमीटर. तिथून थेट लिफ्ट असलेल्या गॅरेजमध्ये, ज्याचा विक्रीशी काही संबंध नाही अशा. स्कॅनरवर सगळ्या युनिटमधले फॉल्ट वाचून घ्या. कालच पुसलेले असतील तर तेही स्कॅनर सांगतो. किल्लीत आणि दुसऱ्या युनिटमध्ये नोंदलेलं किलोमीटर मीटरशी ताडून बघा. ऑइलचा नमुना काढा. अहवालाला काही दिवस लागतील, तोपर्यंत टोकन नाही. मालकाने घाई केली तर त्याला दुसरं गिऱ्हाईक मिळू द्या.

खडखड मागून निघाली तर गाडी सोडा. पुढून निघाली, आणि थरथर नि धक्के टायर-तेलाचेच निघाले, तर टायर आणि सगळ्या तेलांच्या खर्चाचा लेखी अंदाज त्याच्यासमोर ठेवा आणि तो मागणीतून वजा करून बोला. रेकॉर्डिंग आणि टायरचे आकडे मला पाठवलेत तर चेनचा आवाज आहे की पुलीचा, ते ऐकून नक्की सांगतो.